गोठ्यावरचा गवताचा माळा: जुन्या बांधणीची दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

कोकणातल्या जुन्या खोती घरांच्या आवारात मुख्य घरापासून थोडा बाजूला एक मोठा गोठा असतो. जांभ्याच्या जाड भिंती, मधे लाकडी खांबांची रांग, खाली गुरं, वर गवत-पेंढ्याचा माळा आणि त्यावर कौलं. लाकूड बहुधा ऐन, किंजळ, फणस किंवा सागाचं, म्हणजे नीट राखलं तर अजून कित्येक वर्षं टिकेल असं. तरीही दुरुस्ती झालेले गोठेच लवकर बसताना दिसतात, कारण कामाचा क्रम उलटा धरला जातो. आधी सिमेंटचा कोबा होतो, मग खांबाला ऑइलपेंट लागतो, मग पैसे उरले तर कौलांकडे बघितलं जातं. गळती तशीच, कुजलेला बुंधा कोब्यात गाडलेला, आणि वर नेहमीइतकंच गवत.

क्रम असा हवा: माळा रिकामा करून पहिल्यांदा जमिनीवरचं पाणी, मग लाकूड, मग कौलं, आणि सगळ्यात शेवटी चारा. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा टप्पा गाळून पुढे गेलात तर पुढचं काम पुन्हा उघडावं लागेल.

1. वर्षाचं वेळापत्रक आधी ठरवा

गळती बघायची ती भर पावसात, आणि छप्पर उघडायचं ते कोरड्या दिवसांत. म्हणून काम दोन भागांत विभागतं.

आषाढ-श्रावणात एखाद्या जोरदार सरीच्या वेळी बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि ओल दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करा. थेंब जिथे पडतो तिथलं कौल फुटलेलं असेलच असं नाही. पाणी वाशाच्या पोटाला धरून खाली उतरत येतं, त्यामुळे ओल्या रेषेचा माग वरच्या दिशेने काढा आणि ती जिथे सुरू होते तिथे दुसरी खूण करा. ही खूण मे महिन्यात कोरड्या छपराकडे बघून कधीच करता येत नाही.

छपराचं आणि लाकडाचं काम जानेवारी ते एप्रिल. तेवढे महिने भाताचा पेंढा आणि गवत बाहेर उंचवट्यावर रचून ठेवा. कोरड्या दिवसांत त्याला काही होत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माळा भरून झाला पाहिजे, कारण मृगाच्या आधीच्या वळवाने उघडं गवत भिजलं तर ते माळ्याच्या कामाचं राहत नाही.

ताकीद: माळा अर्धा भरलेला ठेवून "एका बाजूने काम करून घेऊ" असं ठरवू नका. टेकू लावताना माळा पूर्ण रिकामाच हवा.

2. माळा रिकामा करणं आणि नोंद

तळाचं जुनं गवत काढताना गमबूट आणि जाड हातमोजे घाला आणि हात घालण्याआधी काठीने हलवा. उंदीर असतात तिथे साप असतोच, आणि विंचू तर कायमचे. धुळीसाठी नाकातोंडावर मास्क हवा. बुरशी धरलेल्या गवताची धूळ फुप्फुसाला खरोखर इजा करते.

आता एक साधा आराखडा काढा. दोन खांबांमधल्या प्रत्येक खणाला क्रमांक द्या, दरवाजाच्या बाजूने सुरुवात करा. मग प्रत्येक खांब, तुळई, कडी (तुळईवर टेकून माळ्याच्या फळ्या धरणारं लाकूड) आणि वासा यांनाही क्रमांक द्या आणि तो पत्र्याच्या छोट्या पट्टीवर कोरून खिळ्याने ठोका. खडू पुसला जातो, रंग सुताराच्या रंध्याखाली जातो. जुन्या बांधणीत प्रत्येक कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं लाकडाचं टोक, त्याच्याच खाचेसाठी तासलेलं असतं. सारख्या दिसणाऱ्या दोन कड्यांची अदलाबदल झाली की दोन्ही सांधे सैल बसतात, आणि मग सुतार त्यात पाचरी ठोकत बसतो.

मोजायच्या गोष्टी: खणाची लांबी-रुंदी, खांबाची जाडी वर आणि खाली, तुळईची खोली, कड्यांमधलं अंतर, आढ्याची आणि वळचणीची उंची. ओळंबा (वजन बांधलेली दोरी) खाली सोडून प्रत्येक खांब किती कलला आहे तेही लिहा. तुळईच्या पोटाखाली दोन टोकांना दोरी ताणून मधे किती झोळ आहे तो बघा. दहा फुटी खणात अर्ध्या इंचापर्यंतचा झोळ जुन्या लाकडात चालतो. इंचभर किंवा जास्त असेल तर ती तुळई वेगळ्या यादीत घ्या.

3. पाणी आधी थांबवा, तेही जमिनीवरून

लोक छपराकडे बघतात, पण गोठ्याचे खांब बहुतेक वेळा खालून कुजतात. जोत्याभोवती वर्षानुवर्षं शेण, पालापाचोळा आणि माती साचत जाते आणि बाहेरची जमीन आतल्या जमिनीइतकी उंच होते. मग पावसाचं पाणी जांभ्यातून आत झिरपतं. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी धरून ठेवतो.

— बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा निदान नऊ इंच खाली येईपर्यंत खणून काढा. एकदम नको, पाच-पाच फुटांच्या तुकड्यांत. पाया उघडा पडला तर थांबा.

— पागोळ्या पडतात त्या रेषेखाली फूटभर रुंद चर काढा, उतार बाहेर द्या आणि खडीने भरा. नुसती माती असेल तर शिंतोडे भिंतीवर दोन फूट उंच उडतात.

— आतल्या जमिनीला मोरीकडे चाळीस फुटांना एक फूट असा उतार हवा. गोमूत्र खांबाजवळ साचणार नाही इतकं पुरे. जास्त उतारावर गुरं घसरतात.

— भिंतीला जुना सिमेंटचा गिलावा असेल आणि त्यामागे ओल असेल, तर तो निदान खालच्या तीन फुटांत काढून टाका. नवा गिलावा चुन्याचा: एक भाग मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. चुना विरवल्यावर निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवलेला हवा. अर्धवट विरलेले खडे नंतर भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. गिलावा झाल्यावर आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा.

तपासा: हे काम झाल्यावर भिंत महिनाभर तशीच सोडा. खालची काळी पट्टी फिकट व्हायला लागली नाही तर पाणी अजून कुठून तरी येतं आहे. ते सापडेपर्यंत खांबाला हात लावू नका.

4. लाकडाची तपासणी

साधनं साधीच: लाकडी हातोडी, जाड पेचकस, बॅटरी. शक्य असेल तर ओलावा मोजायचं छोटं यंत्र.

हातोडीने खालून वर ठोकत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ जागा बद्द वाजते. बद्द वाजलं तिथे पेचकस हाताच्या जोराने दाबा. दोन-तीन मिलिमीटर शिरला तर फक्त वरची साल मऊ आहे. अर्धा इंच सहज शिरला तर तिथे खरी कूज आहे. यंत्रावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा दिसत असेल तर कूज चालू आहे असं धरा. त्याखाली असेल तर ती जुनी असून थांबलेली असू शकते.

कूज, वाळवी आणि भुंगा यांत गल्लत करू नका. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. गोल छोटी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा. भुसा झाडून टाका, खाली कागद पसरा आणि पंधरा दिवसांनी बघा. नवा भुसा नसेल तर ती भोकं जुनी आहेत आणि औषधाची गरज नाही. उगाच सगळ्या माळ्यावर कीटकनाशक फवारणारे लोक त्याच माळ्यावरचा चारा गुरांना घालतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. वाळवीचं औषध जोत्याबाहेरच्या मातीत, परवानाधारक माणसाकडून करून घ्या. जिथे चारा टेकेल किंवा गुराची जीभ पोहोचेल तिथे काहीही फासू नका. जळकं ऑइल तर माळ्यावर अजिबात नको. त्याने चारा खराब होतोच आणि आगीला खाद्य मिळतं.

सगळ्यात नीट बघायच्या जागा तीन: खांबाचा बुंधा, भिंतीत गेलेलं तुळईचं टोक आणि वळचणीजवळची वाशांची टोकं. नव्वद टक्के कूज इथेच सापडते असं समजून वेळ द्या.

5. टेकू

रिकाम्या माळ्यावरही एका खांबावर छप्पर आणि लाकूड मिळून साधारण टनभर ओझं असतं. म्हणून बांबूचा टेकू लावून खांब कापू नका.

खांबाच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फुटावर तुळईखाली भक्कम लाकडी टेकू उभे करा. प्रत्येक टेकूखाली निदान दोन इंच जाड आणि दोन फूट लांब फळी हवी, नाहीतर टेकू जमिनीत रुततो. तुळई आणि टेकू यांच्यात जॅकची जागा ठेवा. पाच टनी दोन जॅक पुरतात. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचला. खांबाच्या डोक्यावरच्या फटीत कागद सरकला की थांबा, तेवढंच पुरे. मग टेकूच्या डोक्यावर समोरासमोर दोन पाचरी ठोकून भार टेकूवर घ्या आणि जॅक सैल करा. जॅकवर रात्रभर भार ठेवायचा नाही. तेल गळून तो खाली बसतो.

ताकीद: कललेला खांब किंवा झोळ पडलेली तुळई या निमित्ताने सरळ करायचा मोह होतो. करू नका. इतक्या वर्षांत सगळे सांधे त्या आकारात बसलेले आहेत. एक सरळ केलंत की पलीकडच्या तीन खणांतली कुसवं फाटतात. कल वाढत नसेल तर तो तसाच राहू द्या.

6. खांबाचा बुंधा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बुंधा कुजला की त्याभोवती सिमेंटचा चौथरा ओततात. लाकूड ओल घेतं आणि सोडतं, सिमेंट ती बाहेर जाऊ देत नाही. आतलं लाकूड दिसत नाही, आणि ज्या दिवशी ते संपतं त्या दिवशी खांब चौथऱ्यात खाली बसतो. असा चौथरा आधीच असेल तर टेकू लावून तो छिन्नीने फोडून काढा.

कूज सहा इंचांपेक्षा खाली असेल तर नवं लाकूड जोडूच नका. कुजलेला भाग आडवा, अगदी सपाट कापा आणि तेवढ्या उंचीचा तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, खाली द्या. तळखडा काळ्या दगडाचा हवा, जांभ्याचा नको. त्याची वरची बाजू जमिनीपासून निदान सहा इंच वर असावी आणि कडा बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या असाव्यात, म्हणजे गोठा धुताना पाणी बुंध्याखाली थांबत नाही. दगड आणि लाकूड यांच्यात शिशाचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा घाला. पत्रा खांबाच्या आकारापेक्षा पाव इंच आतच कापा. बाहेर आलेला पत्रा थाळीसारखं पाणी धरतो.

कूज त्याहून वर असेल तर जोड द्यावा लागतो. जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच ते तीन पट: आठ इंची खांबाला वीस ते चोवीस इंच. अर्धा-अर्धा कापून एकावर एक बसणारा सांधा करा. वरचा आणि खालचा, दोन्ही खांदे (जिथे एक तुकडा दुसऱ्यावर टेकतो त्या सपाट बैठका) काटकोनात आणि पूर्ण टेकलेले हवेत, कारण भार खांद्यांवरून उतरतो. बोल्ट फक्त दोन तुकडे एकत्र धरतात. बोल्टच्या जोरावर उभा राहिलेला खांब काही वर्षांत खाली सरकतोच. बारा मिलिमीटरचे दोन गंज न लागणारे बोल्ट, मोठ्या वायसरसह, पुरेसे आहेत. जोडाचं लाकूड खांबाच्याच जातीचं आणि पूर्ण वाळलेलं हवं. गिरणीतून आणलेलं ओलं लाकूड बसवलं की सहा महिन्यांत आकसतं आणि खांद्यात फट पडते.

बुंध्याच्या कापलेल्या तोंडाला काजूच्या टरफलाचं तेल दोन-तीन हात द्या. लाकूड ते शोषून घेतं आणि वाळवी त्याच्यापासून लांब राहते. हे तेल कातडीला लागलं की फोड येतात, तेव्हा रबरी हातमोजे घाला आणि पूर्ण वाळेपर्यंत गुरं आत बांधू नका.

तपासा: पाचरी सैल करण्याआधी दोन्ही खांद्यांत पातळ पत्ती सरकवून बघा. कुठेही सरकली तर खांदा पुन्हा तासा. मग पाचरी एकदम न काढता दोन दिवसांत थोड्या थोड्या सैल करा.

7. तुळईचं भिंतीतलं टोक

टोक कुजलं असेल तर भिंतीतला चिरा (जांभ्याचा दगड) सुटा करून जागा उघडा. कुजलेला भाग कापून तुळईच्या दोन्ही अंगांना त्याच लाकडाच्या जाड फळ्या बोल्टने जोडा. निरोगी भागावर त्या तुळईच्या खोलीच्या निदान तिप्पट लांब आल्या पाहिजेत. टोकाखाली सपाट काळा दगड द्या, आणि टोकाच्या तिन्ही बाजूंना व मागे इंचभर मोकळी जागा सोडा. त्या फटीत सिमेंट भरण्याचा गवंड्याचा आग्रह असतो. तिथे ठाम राहा. वारा लागणारं टोक टिकतं, कोंडलेलं टोक कुजतं. उंदीर येत असतील तर जाळी लावा.

बारा फुटांहून लांब तुळई मधेच तडकली असेल तर संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय काम करू नका.

8. कौलं

शंभर चौरस फुटांना साधारण 140 ते 150 मंगळुरी कौलं लागतात. कोरडी असतानाच त्यांचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास होतं. म्हणून कौलं उतरवताना दोन्ही पाख्यांवरून (छपराच्या दोन्ही उतारांवरून) आलटून-पालटून उतरवा: आढ्याकडून दोन ओळी इकडच्या, दोन ओळी तिकडच्या. एक पाखं पूर्ण मोकळं केलं की सगळा सांगाडा भरलेल्या बाजूच्या ओझ्याने ढकलला जातो. चढवताना वळचणीकडून वर, तसंच दोन्ही बाजूंनी.

जुनी कौलं टाकून देऊ नका. बोटाच्या पेराने वाजवा. खणकन वाजलं तर ते नव्यापेक्षा चांगलं. नवी घेताना जुन्याची लांबी आणि खाच जुळवून घ्या, दहा टक्के जास्त घ्या, आणि वेगळ्या साच्याची कौलं एकाच पाख्यावर मिसळू नका. रिपांमधलं, म्हणजे कौलं टेकतात त्या वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर कौल ठेवून ठरवायचं, टेपने नाही. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी, नाहीतर पहिली ओळ खाली झुकते आणि वाऱ्याने पाणी उलटं आत येतं. वळचण भिंतीबाहेर दोन-अडीच फूट असू द्या.

आढ्याची कौलं चुना, वाळू आणि सुरखीच्या (विटांच्या भुकटीच्या) मसाल्यात बसवा. लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे हलतो, आणि सिमेंटचा कडक पट्टा दुसऱ्याच वर्षी तडकतो.

कौलांऐवजी पत्रा घालण्याबद्दल एवढंच: रात्री पत्र्याच्या पोटाला दव धरतं आणि ते थेट गवतावर गळतं. पत्रा घालायचाच असेल तर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळ्या आणि आढ्याशी हवेची वाट ठेवा.

9. माळ्यावर किती भरायचं: हिशेब करून ठरवा

हा माळा सुट्या भाऱ्यांसाठी बांधलेला आहे. आता पेंढा यंत्राने दाबलेल्या गाठींत मिळतो, जागा कमी लागते म्हणून लोक माळा आधीइतकाच उंच भरतात, आणि ओझं दुप्पट झालेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

दहा बाय बारा फुटांचा एक खण घ्या, पाच फूट उंच भरलेला. सुटं गवत घनमीटरला साधारण 70 किलो धरलं तर त्या खणावर सुमारे बाराशे किलो येतात. दाबलेल्या गाठी घनमीटरला 150 किलो धरल्या तर तेच अडीच टन होतात. जुन्या कड्या अडीच टनांसाठी नाहीत. गाठी ठेवायच्या तर उंची निम्मी करा, आणि जास्त थर भिंतीजवळ व तुळईच्या वर रचा, खणाच्या मधोमध नको.

माळ्याच्या फळ्यांमधल्या इंचभर फटी बुजवू नका. गुरांच्या श्वासाची आणि गोमूत्राची वाफ वर येतेच, ती गवतात अडकता कामा नये. फळ्यांवर आधी डहाळ्यांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा थर द्या, मग गवत. कौलांखाली दीड-दोन फूट मोकळे ठेवा, म्हणजे हवा खेळते आणि नवी गळती दिसते. मधे माणूस जाईल इतकी वाट सोडा. माळ्यावर विजेचा सॉकेट नको, बल्ब उघडा नको. तार धातूच्या नळीतूनच न्या आणि गोठ्याच्या लाइनला विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्वतंत्र ब्रेकर लावा.

10. गवत आत घेण्याआधी आणि घेतल्यावर

ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवा. घरच्या घरी बघायचं तर काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर बारीक तोडलेलं गवत आणि चमचाभर कोरडं मीठ घाला आणि तीन-चार मिनिटं जोरात हलवा. मीठ सुटं राहिलं तर गवत आत घ्या. मिठाच्या गुठळ्या झाल्या किंवा ते काचेला चिकटलं तर पुन्हा उन्हात टाका. एकाच भाऱ्यावर विसंबू नका. ढिगाच्या पोटातले पाच-सहा नमुने घ्या.

दमट गवत आतल्या आत तापतं, आणि धोका पहिल्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. सहा फुटी लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध खुपसून ठेवा, वीस मिनिटांनी काढा आणि टोक हातात धरून बघा. कोमट असेल तर दोन दिवसांनी पुन्हा बघा. धरवत नसेल इतकं गरम असेल तर आतलं तापमान साठ अंशांच्या आसपास किंवा वर गेलं आहे. थर्मामीटर असेल तर 55 अंशांवर रोज बघायला सुरुवात करा आणि 65 अंशांवर गुरं बाहेर काढा. 80 अंशांच्या पुढे आत निखारा असू शकतो, मग 101 वर अग्निशमन दलाला बोलवा आणि ते येईपर्यंत ढीग उपसू नका. आत हवा शिरली की धुमसणारं गवत पेट घेतं. अशा ढिगावर चढूही नका, आतून पोकळ झालेला असतो आणि माणूस त्यात खचतो.

पहिल्या जोरदार पावसात पुन्हा बॅटरी घेऊन वर जा आणि गेल्या वर्षीच्या खडूच्या खुणा एकेक करून बघा. ओल्या निघालेल्या खुणांखालचं गवत त्याच दिवशी बाजूला काढा.